छोटी अस्थिशस्त्रक्रिया: निर्णयापासून पूर्ववत हालचालीपर्यंत

गुडघ्यात दुर्बीण घालून फाटलेल्या गादीचा तुकडा काढणे, मनगटात दबलेली नस मोकळी करणे, वाकल्यावर अडकून बसणारे बोट सोडवणे, जुळून आलेल्या हाडातील प्लेट आणि स्क्रू काढणे किंवा बोटाच्या मोडलेल्या हाडात तार बसवणे या शस्त्रक्रिया अस्थिरोगतज्ज्ञांच्या नित्याच्या कामात मोडतात. त्यांतील बहुतेक तासाभराच्या आत उरकतात आणि रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. त्यामुळे चार दिवसांची रजा टाकली की काम भागेल, असा हिशेब अनेक जण मनाशी बांधतात आणि तो चुकला की काहीतरी बिघडले असावे, या शंकेने घाबरतात. वास्तविक शरीर भरून येण्याचा वेग कातडीवरील चिरेच्या लांबीवर ठरत नाही. कातडी साधारण दोन आठवड्यांत सांधते, हाड जुळण्यास बहुधा सहा ते बारा आठवडे लागतात, आणि सांध्यातील सूज पूर्ण ओसरून भोवतालच्या स्नायूंची ताकद परत येण्यास कधी कधी त्याहूनही अधिक काळ जातो. शल्यविशारदाचे काम तासाभराचे असले, तरी त्यानंतरचे काही आठवडे रुग्णाच्या हातात असतात, आणि परिणामाचा मोठा भाग त्या आठवड्यांत घडतो. पुढील माहिती सर्वसाधारण आहे. आपल्या शल्यविशारदांची सूचना तिच्याहून वेगळी असेल, तर त्यांचीच सूचना पाळावी, कारण आत नेमके काय केले हे त्यांनाच ठाऊक असते.

शस्त्रक्रिया खरोखरच हवी आहे का

होकार देण्यापूर्वी तीन प्रश्न सरळ विचारावेत: ही शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, औषधे, व्यायाम, पट्टा किंवा इंजेक्शन यांनी भागण्याजोगे आहे का, आणि शस्त्रक्रियेनंतर नेमका कोणता त्रास कमी होईल व कोणता तसाच राहील. शेवटचा प्रश्न फार थोडे रुग्ण विचारतात, आणि नंतरची निराशा बहुधा त्यातूनच येते. मनगटातील नस मोकळी केल्यावर रात्रीच्या मुंग्या लवकर थांबतात, पण नस दीर्घकाळ दबलेली असेल, तर बोटांचा बधिरपणा जाण्यास अनेक महिने लागतात आणि अंगठ्याच्या बुडाशी झिजलेला स्नायू पूर्ण भरून येईलच, असे नसते.

गुडघ्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेत ब्रूस मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिजलेल्या गुडघ्याच्या १८० रुग्णांवर केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही रुग्णांच्या गुडघ्यावर केवळ चिरा देऊन टाके घातले होते आणि आत काहीही केले नव्हते. तरीही दोन वर्षांनी दुर्बिणीची खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यांच्याहून अधिक आराम पडलेला दिसला नाही. २०१३ साली फिनलंडमधील एका अभ्यासात वयपरत्वे विरलेली गादी छाटण्याबाबतही तसेच आढळले. याचा अर्थ दुर्बिणीची शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. तरुण खेळाडूची दुखापतीने फाटलेली गादी किंवा तुकडा अडकल्यामुळे सरळच न होणारा गुडघा यांची गोष्ट निराळी असते. मात्र वयानुसार झिजलेल्या गुडघ्याच्या एमआरआयमध्ये ‘गादी फाटली आहे’ एवढे लिहून आले, म्हणून लगेच शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याची घाई करू नये. निदान काही आठवडे नियमित व्यायाम करून पाहिला का, हे आधी तपासावे.

आधीचे काही आठवडे

आपण घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी कागदावर लिहून ती शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही दाखवावी. तिच्यात वनस्पतिजन्य औषधे, शक्तिवर्धके आणि कधीमधी घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही असाव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा विषय सर्वांत नाजूक असतो. काही शस्त्रक्रियांपूर्वी त्या काही दिवस थांबवाव्या लागतात, तर बोटावरील किरकोळ शस्त्रक्रियेसाठी पुष्कळदा थांबवण्याची गरजच नसते. हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णाने त्या स्वतःच्या मनाने बंद करणे शस्त्रक्रियेपेक्षा घातक ठरू शकते, म्हणून हा निर्णय त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच व्हावा. मधुमेहाच्या औषधांपैकी लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिनसारख्या, गोळ्या साधारणपणे तीन दिवस आधी थांबवण्यास सांगतात, कारण उपाशी अवस्थेत त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी पोट रिकामे होण्यास उशीर लागतो; ती घेत असल्यास भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावे.

धूम्रपान करणाऱ्याने शक्य असेल तर चार आठवडे आधी ते सोडावे आणि हाड जुळेपर्यंत पुन्हा सुरू करू नये. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे जखमेला आणि हाडाला रक्त कमी पोहोचते. जखम चिघळणे आणि हाड न जुळणे हे दोन्ही प्रकार धूम्रपान करणाऱ्यांत अधिक आढळतात. मधुमेह्यांनी रक्तातील साखर आधीच आटोक्यात आणावी. शस्त्रक्रियेच्या जागेजवळ फोड, खरचटणे, बुरशी किंवा नखाच्या कडेला पू असेल, तर ते लपवू नये. त्यामुळे तारीख पुढे जाईल, पण जंतूंचा संसर्ग हाडापर्यंत पोहोचल्यावर होणाऱ्या त्रासापुढे तो विलंब काहीच नाही.

याच काळात आणखी दोन कामे उरकून घ्यावीत. पहिले घराचे. पायाची शस्त्रक्रिया असेल, तर निसरडे गालिचे आणि लोंबत्या वायरी हटवाव्यात, न्हाणीघरात बसण्यासाठी भक्कम स्टूल ठेवावे आणि रात्री उठल्यावर हाताशी दिवा असेल, अशी सोय करावी. हाताची असेल, तर एका हाताने चढवता येतील असे सैल, पुढून उघडणारे कपडे काढून ठेवावेत. दुसरे काम कुबड्यांचे आणि व्यायामाचे. दुखणे नसताना कुबड्यांवर चालायला शिकणे फार सोपे जाते, आणि शस्त्रक्रियेनंतर करायचे व्यायाम आधीच शिकून घेतले, तर गुंगीत आणि वेदनेत नव्याने काही समजून घ्यावे लागत नाही. हे काम मी घराच्या तयारीपेक्षाही वरचे मानतो, आणि नेमके तेच बहुतेकांकडून राहून जाते.

आदली रात्र आणि सकाळ

पूर्ण किंवा मणक्यातून भूल द्यायची असल्यास हलका आहार सहा तास आणि जड, तेलकट आहार आठ तास आधी थांबवावा. साधे पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालते. दूध मात्र पाण्यात धरले जात नाही, आणि दुधाचा चहासुद्धा अन्नातच मोजावा. भूल दिल्यावर पोटातील अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असल्याने हा नियम आहे; चुकून काही खाल्ले गेले असल्यास तसे सांगून टाकणे हाच शहाणपणा. सकाळी नेहमीच्या कोणत्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.

साबणाने स्वच्छ आंघोळ करावी, पण शस्त्रक्रियेच्या जागेवरील केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. वस्तऱ्यामुळे कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू वाढतात. गरज असेल, तर रुग्णालयातच यंत्राने केस कापतात. नखांवरचा रंग काढावा. हाताची शस्त्रक्रिया असेल, तर अंगठ्या आणि बांगड्या घरीच उतरवाव्यात, कारण सूज चढल्यावर घट्ट अंगठी बोटाचा रक्तपुरवठा तोडू शकते आणि मग ती कापूनच काढावी लागते.

भुलीचे प्रकार

बोटावरील किंवा मनगटावरील कामाला बहुधा तेवढीच जागा बधिर करून भागते. संपूर्ण हातासाठी खांद्याजवळ किंवा काखेत मज्जातंतूंभोवती औषध सोडतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचा परिणाम सुमारे ८ ते २४ तास टिकू शकतो. पायाच्या शस्त्रक्रियेसाठी पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून कमरेखालचा भाग काही तास बधिर करतात, आणि काही वेळा पूर्ण भूल देतात. कोणती भूल योग्य, हे शस्त्रक्रियेच्या जागेवर, तिच्या कालावधीवर आणि रुग्णाच्या इतर आजारांवर ठरते. मणक्यातील भुलीत जागे राहण्याची भीती वाटत असल्यास सौम्य गुंगीचे औषध देता येते. तसे मोकळेपणाने मागावे.

मणक्यातील भुलीनंतर एक-दोन दिवसांनी उठून बसताच डोके जोरात दुखू लागले आणि आडवे होताच थांबले, तर ते सुईच्या छिद्रातून पाठीच्या कण्यातील पाणी झिरपत असल्याचे लक्षण असू शकते. जर्मनीतील कील येथे १८९८ साली या पद्धतीचा पाया घालणाऱ्या ऑगस्ट बियर यांनी ती स्वतःवर करून पाहिली, तेव्हा त्यांना नेमकी हीच डोकेदुखी जडली होती. आजच्या बारीक सुयांमुळे ती बरीच विरळ झाली आहे आणि बहुतेक वेळा आपोआप थांबते. तरी असे झाल्यास भूलतज्ज्ञांना कळवावे, कारण न थांबल्यास तिच्यावर खात्रीचा उपाय असतो.

शस्त्रक्रियागृहात

नाव, शस्त्रक्रिया आणि बाजू हे प्रश्न तीन-चार वेळा विचारले जातात. ‘अजून यांना माझे नावही ठाऊक नाही’ असे वाटून रुग्ण अस्वस्थ होतो, पण तो दक्षतेचा भाग असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेल्या सुरक्षा-यादीनुसार भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी अशी तीनदा पडताळणी होते. शस्त्रक्रियेच्या अवयवावर शल्यविशारद जागेपणीच शाईने खूण करतात. ती चुकीच्या बाजूला वाटली किंवा केलीच नसेल, तर तेथेच बोलावे. प्रतिजैविकाची गरज असल्यास ते चिरेपूर्वीच्या तासाभरात शिरेतून देतात. हाता-पायावर रक्तदाबाच्या पट्ट्यासारखा रुंद पट्टा फुगवून रक्तप्रवाह थांबवतात, त्यामुळे आतील रचना स्पष्ट दिसते. दुसऱ्या दिवशी मांडी किंवा दंड चेपल्यासारखा दुखतो, तो या पट्ट्यामुळे.

घरी जाण्यापूर्वी

गुंगी असताना सांगितलेले लक्षात राहत नाही, म्हणून सोबतच्या व्यक्तीने या गोष्टी लिहून घ्याव्यात: पायावर किती भार द्यायचा, कोणता सांधा हलवायचा आणि कोणता हलवायचा नाही, ड्रेसिंग कधी व कोणी बदलायचे, गोळ्यांच्या वेळा, टाके काढण्याची तारीख, आणि रात्री काही वाटल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. भाराबाबतची सूचना मोघम असू नये. ‘जपून चाला’ याला काही अर्थ नाही; पाय अजिबात टेकायचा नाही, नुसता टेकवायचा, अर्धा भार द्यायचा की सोसेल तेवढा, यांपैकी नेमके काय, हे विचारावे. मणक्यातून भूल दिली असल्यास लघवी झाल्याची खात्री करूनच निघावे. पहिल्या रात्री घरात दुसरे माणूस असलेच पाहिजे.

पहिले तीन दिवस

हेच दिवस सर्वांत कसोटीचे, आणि येथे घेतलेली काळजी पुढचे आठवडे हलके करते. सूज साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. वाढलेली सूज वेदना वाढवते, वेदनेमुळे हालचाल थांबते, आणि न हललेला सांधा आखडतो. म्हणून या काळातील मुख्य काम सूज आटोक्यात ठेवण्याचे असते.

त्यासाठी शस्त्रक्रिया झालेला अवयव हृदयाच्या पातळीच्या वर राहायला हवा. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवणे पुरेसे नाही, कारण तो हृदयाच्या खालीच राहतो. आडवे होऊन टाचेखाली आणि पोटरीखाली उशा द्याव्यात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र उशी गुडघ्याच्या नेमक्या खाली कधीही ठेवू नये. वाकलेल्या गुडघ्याला तेथे आराम वाटतो खरा, पण त्याच स्थितीत काही दिवस गेले, की तो पूर्ण सरळ होईनासा होतो. हाताच्या बाबतीत मनगट कोपराच्या वर आणि बोटे त्याहून वर राहावीत; गळ्यातील झोळीत हात खाली लोंबत असेल, तर झोळीचा काही उपयोग नाही. त्या झोळीतून दिवसातून अनेक वेळा हात बाहेर काढून खांदा आणि कोपर हलवावेत, अन्यथा मनगट बरे होता होता खांदा आखडतो.

बर्फ कापडात गुंडाळून एका वेळी पंधरा-वीस मिनिटे लावावा आणि दर दोन-तीन तासांनी तसे करावे. ड्रेसिंग भिजू देऊ नये. ब्लॉकमुळे जागा बधिर असेल, तोवर बर्फ किंवा शेक लावू नये, कारण कातडी भाजली किंवा गोठली तरी कळणार नाही. बधिर हात गरम भांड्यापासून, दाराच्या फटीपासून आणि झोपेत अंगाखाली सापडण्यापासूनही जपावा लागतो.

वेदनेच्या बाबतीत सर्वांत उपयोगी सूचना ब्लॉकविषयीची आहे. ब्लॉक असेपर्यंत काहीच दुखत नाही, रुग्णाला वाटते की गोळ्यांची गरजच नाही, आणि मग मध्यरात्री ब्लॉक उतरतो तेव्हा ठणका एकदम सुरू होतो. अशा वेळी घेतलेली गोळी लागू पडण्यास तास लागतो आणि तो तास फार लांब वाटतो. म्हणून अवयवात मुंग्या येऊ लागताच, किंवा झोपण्यापूर्वीच, पहिली मात्रा घ्यावी आणि पुढील दोन-तीन दिवस दुखण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी गोळ्या घ्याव्यात. पॅरासिटामॉल हा त्यांचा पाया असतो; निरोगी प्रौढाने दिवसभरात चार ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि यकृताचा आजार किंवा वजन कमी असल्यास ती मर्यादा आणखी खाली येते. सर्दीच्या किंवा मिश्र वेदनाशामक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे लक्षात न आल्याने मात्रा नकळत दुप्पट होते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या जेवणानंतर घ्याव्यात. मूत्रपिंडाचा आजार, पोटातील व्रण किंवा रक्त पातळ करणारी औषधे असल्यास विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ट्रामाडॉलसारख्या तीव्र गोळ्यांनी गुंगी, मळमळ आणि हमखास बद्धकोष्ठ होतो. पुरेसे पाणी, तंतुमय आहार आणि गरज पडल्यास सौम्य रेचक यांची तजवीज आधीच ठेवावी.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सांधा सलाईनने फुगवतात. ते पाणी पहिल्या दिवशी छिद्रांतून झिरपते आणि रक्ताच्या थेंबांनी गुलाबी होऊन ड्रेसिंग भिजवते. एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. चार-पाच दिवसांनी काळानिळा डाग गुडघ्याकडून पोटरीत आणि घोट्यात उतरलेला दिसतो, तोही गुरुत्वाकर्षणाने खाली सरकलेले रक्त असते. पहिल्या दोन दिवसांतील किंचित कणकणसुद्धा बहुधा शरीराच्या दाहाची प्रतिक्रिया असते.

पायाची शस्त्रक्रिया झालेल्याने जागेपणी दर तासाला घोटा वर-खाली दहा-वीस वेळा हलवावा, म्हणजे पोटरीतील रक्त साकळत नाही. पूर्वी ज्यांच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात किंवा ज्यांना कर्करोग आहे, त्यांनी हे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे, कारण त्यांना गाठ टाळण्याचे औषध द्यावे लागू शकते.

ज्यासाठी थांबायचे नाही

गोळ्या घेऊन आणि अवयव उंचावर ठेवूनही वेदना वाढतच चालली, प्लास्टर किंवा पट्टी आवळल्यासारखी वाटू लागली, दुसऱ्याने हलकेच बोटे ताणली असता असह्य कळ आली, बोटे बधिर, फिकट किंवा निळी पडली, तर स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढत असल्याची शंका घ्यावी. हा प्रकार विरळ असला, तरी काही तासांत स्नायू आणि मज्जातंतू कायमचे निकामी करू शकतो. सकाळ होण्याची वाट पाहू नये; लगेच फोन करून रुग्णालय गाठावे, कारण तेथे प्लास्टर आणि खालचा कापूस चिरून पुढील उपाय तत्काळ करता येतात. ब्लॉकमुळे येणारा बधिरपणा सुरुवातीपासून असतो आणि हळूहळू उतरतो. उतरून गेल्यावर नव्याने आलेला बधिरपणा मात्र गंभीर मानावा.

एकाच पोटरीला सूज, दाबल्यावर दुखणे आणि ऊब ही शिरेतील गाठीची लक्षणे असतात. ती दिसल्यास त्याच दिवशी तपासणी करावी. अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत टोचणे किंवा खोकल्यातून रक्त येणे म्हणजे गाठ फुप्फुसात पोहोचल्याची शक्यता, आणि त्यासाठी थेट आपत्कालीन विभागात जावे. जखमेचा संसर्ग बहुधा काही दिवसांनी डोके वर काढतो: पसरत जाणारा लालसरपणा, कमी होऊन पुन्हा वाढलेली वेदना, गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, ३८ अंश सेल्सिअसहून अधिक ताप. अशा वेळी घरात उरलेली प्रतिजैविके स्वतःहून सुरू करू नयेत. आत पू असल्यास ती अर्धवट दाबून टाकतात आणि कोणते जंतू आहेत, हे तपासणीत कळेनासे होते.

जखम, टाके, प्लास्टर

जखम पहिले ४८ तास तरी पूर्ण कोरडी ठेवावी, आणि त्यानंतर सांगितल्याप्रमाणे जलरोधक पट्टी लावून अंगावर पाणी घ्यावे. टबात किंवा तलावात जखम बुडवणे टाके निघून ती पूर्ण बंद होईपर्यंत टाळावे. हळद, पावडर, तेल यांतले काहीही ओल्या जखमेवर घालू नये. टाके सहसा १० ते १४ दिवसांनी काढतात. विरघळणारे टाके असतील, तर ते काढावे लागत नाहीत. बोटातून बाहेर डोकावणाऱ्या तारेची टोके कपड्यात अडकू देऊ नयेत. तार सैल झाली किंवा तिच्या मुळाशी स्राव दिसला, तर नियत भेटीची वाट पाहू नये. अशा तारा बहुधा तीन ते सहा आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागातच काढतात, आणि ते काम ऐकताना वाटते तितके दुखत नाही.

प्लास्टरच्या आत खाज सुटते, तेव्हा विणायची सुई किंवा मोजपट्टी आत घालण्याचा मोह आवरावा. आत झालेला ओरखडा दिसत नाही आणि चिघळतो. गार हवेचा झोत सोडल्यास पुष्कळदा आराम पडतो. प्लास्टर मऊ पडले, तडकले किंवा भिजले, तर ते बदलून घ्यावे.

कुबड्यांवर चालणे

कुबडीचा वरचा भाग काखेच्या दोन-तीन बोटे खाली असावा, मूठ मनगटाच्या घडीच्या पातळीवर यावी आणि धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहावे. भार तळहातांवर घ्यायचा असतो, काखेवर नव्हे; काखेवर लोंबकळत चालल्याने तेथील मज्जातंतू दबून मनगट लुळे पडल्याची उदाहरणे वैद्यकात जुनी आहेत. जिना चढताना आधी चांगला पाय वरच्या पायरीवर टाकावा आणि मग दुखरा पाय व कुबड्या आणाव्यात; उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय खाली, मग चांगला पाय. पुढे एका काठीवर आल्यावर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. सवयीने बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, आणि त्यामुळे लंगडणे उलट वाढते.

व्यायामाचा क्रम

गुडघ्यात सूज असेपर्यंत मांडीच्या पुढील स्नायूला मेंदूकडून येणारी आज्ञाच मंदावते; स्नायू काही दिवसांतच बारीक झाल्यासारखा दिसतो आणि पाय ‘सुटतो’, म्हणजे भार टाकताच गुडघा अचानक वाकतो. म्हणून मनाई केलेली नसल्यास पहिल्या दिवसापासून गुडघा सरळ ठेवून मांडी आवळावी, पाच सेकंद धरावी आणि सोडावी. असे दहा-दहा वेळा, दिवसातून अनेकदा करावे. त्यानंतर सरळ पाय उचलणे, टाच सरकवत गुडघा वाकवणे, उभे राहून भार तोलणे आणि शेवटी पायऱ्या व अर्धी बैठक असा क्रम फिजिओथेरपिस्ट ठरवतात. गुडघा वाकवण्याच्या नादात तो पूर्ण सरळ करणे विसरू नये. चालण्यासाठी सरळ होणारा गुडघाच आधी लागतो.

मनगटाची नस मोकळी केल्यावर किंवा अडकणारे बोट सोडवल्यावर बोटे त्याच दिवसापासून पूर्ण उघडायची आणि पूर्ण मिटायची असतात. टाके तुटतील या भीतीने मूठ अर्धवट ठेवणाऱ्यांची बोटे आखडतात. मात्र तार बसवलेले किंवा शिवलेल्या स्नायुबंधाचे (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचे) बोट सांगितल्याशिवाय हलवू नये. म्हणूनच कोणता सांधा मोकळा आणि कोणता बंद, हा प्रश्न घरी निघताना विचारायचा.

व्यायाम किती करावा, याचे माप दुसऱ्या दिवशी मिळते. व्यायामानंतरचे दुखणे रात्रीत ओसरले, तर मात्रा योग्य. सकाळी सूज वाढलेली दिसली, तर आदल्या दिवशी जास्त झाले, म्हणून थोडे कमी करावे, बंद करू नये. याउलट वेदना आठवड्यागणिक कमी न होता जळजळीची होत गेली, नुसत्या स्पर्शाने दुखू लागले, कातडीचा रंग, ऊब किंवा घाम बदलला, तर मज्जासंस्थेच्या प्रतिसादातून उद्भवणारा एक वेदनाविकार असू शकतो. तो लवकर ओळखला, तर उपचारांना बरा प्रतिसाद देतो, आणि ‘सहन करण्याची ताकद कमी’ असा शेरा मारून तो झटकून टाकू नये.

काम, वाहन, खेळ

बैठे काम काही दिवसांपासून दोन आठवड्यांत सुरू करता येते, पण पायाची शस्त्रक्रिया झालेल्याने दिवसभर पाय खाली सोडून बसल्यास सूज परत येते. उभ्याने किंवा वजन उचलून करायच्या कामासाठी कित्येकदा सहा आठवडे किंवा अधिक लागतात. गुंगी किंवा पूर्ण भुलीनंतर किमान २४ तास वाहन चालवू नये, कागदपत्रांवर सह्याही करू नयेत; तीव्र वेदनाशामके चालू असेपर्यंत, प्लास्टर असताना, आणि अचानक ब्रेक पूर्ण ताकदीने दाबण्याची किंवा दोन्ही हातांनी वाहन वळवण्याची खात्री नसेपर्यंत वाहनाला हात लावू नये.

प्लेट काढलेल्या रुग्णांना हे विशेष सांगावे लागते, की त्यांना लगेच चालता येते म्हणून हाड पूर्वीइतके भक्कम झालेले नसते. स्क्रूची छिद्रे भरून येण्यास काही महिने लागू शकतात आणि त्या काळात जोराच्या आघाताने हाड त्याच जागी मोडण्याचा धोका असतो. त्यामुळे उड्या, धावणे आणि धक्काबुक्कीचे खेळ शल्यविशारद परवानगी देईपर्यंत बाजूला ठेवावेत. मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर तळहाताच्या बुडाशी दाबताना दुखते आणि पकड कमी वाटते. ती साधारण तीन महिन्यांत सुधारते. गुडघ्यावरील छिद्राशेजारी नाण्याएवढी जागा बधिर राहणेही सामान्य आहे, कारण कातडीतील बारीक मज्जातंतू तेथून जातात. बहुधा ती आक्रसत जाते, क्वचित कायम राहते, पण हालचालीत अडथळा आणत नाही.

जखम पूर्ण बंद झाल्यावर व्रणावर साध्या मलमाने रोज काही मिनिटे मालीश केल्यास तो मऊ पडतो आणि खालच्या थरांना चिकटत नाही. नवा व्रण उन्हात काळवंडतो, म्हणून वर्षभर तरी तो झाकावा. शस्त्रक्रियेची नोंद, क्ष-किरण चित्रे आणि आत काही बसवले असल्यास त्याच्या धातूची व बनावटीची माहिती असलेला कागद जपून ठेवावा: एमआरआयपूर्वी तो विचारला जातो, आणि पुढे ती प्लेट काढायची वेळ आली, तर त्या स्क्रूंच्या डोक्यात बसणारा नेमका स्क्रू-ड्रायव्हर कोणता मागवायचा, हे शल्यविशारदाला त्यावरूनच कळते.